प्रकाशीय मॉड्यूलची वीज आणि कर्नेलमधील ड्रायव्हर

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मजकूर)



संस्थेने मला 'संगणक क्षेत्रातील संधी' हा विषय सुचविला होता. संधींवर बोलणारे पुष्कळ आहेत. म्हणून अध्यक्षांच्या परवानगीने तो विषय बाजूला ठेवून, ज्या कामात मी रोज असतो त्यातला एक लहानसा तुकडा आज आपल्यापुढे मांडतो. आपल्यापैकी जे अभियांत्रिकीच्या, पॉलिटेक्निकच्या वा आय.टी.आय.च्या वर्गात आहेत त्यांना तो समजेल. आणि ज्यांच्या घरी विजेचे बिल येते त्या सर्वांनाही समजावा असा माझा प्रयत्न राहील.

नेटवर्कच्या स्विचला आपण कधी जवळून पाहिले असेल तर त्याच्या तोंडाशी ओळीने चौकोनी खाचा दिसतात. त्या खाचेत बोटाएवढा धातूचा एक तुकडा बसवितात आणि त्याला फायबरची केबल जोडतात. हाच एस.एफ.पी. मॉड्यूल. स्विचमधील विजेचे संकेत प्रकाशात बदलणे आणि समोरून आलेला प्रकाश पुन्हा विजेत बदलणे एवढे त्याचे काम. यंत्र चालू असतानाच तो काढता-घालता येतो, आणि आजच्या विषयाचे मूळ या सोयीतच आहे. कोणत्या खाचेत उद्या कोणत्या कंपनीचा कोणता मॉड्यूल येऊन बसेल हे स्विच बनविणाऱ्याला आधी ठाऊक नसते.

एक खुलासा आधीच करतो. 'पॉवर' म्हटले की विद्यार्थी लेसरच्या प्रकाशाची शक्ती समजतात. मी बोलतो आहे ती मॉड्यूल खाचेतून ओढून घेतो ती वीज. दोन्हींतले अंतर किती? दहा किलोमीटरच्या साध्या गिगाबिट मॉड्यूलमधून बाहेर पडणारा प्रकाश अर्ध्या मिलिवॉटच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो आणि त्यासाठी आत जाणारी वीज एक वॉटपर्यंत असू शकते. म्हणजे गेलेल्या विजेतील जवळजवळ सगळी उष्णता होऊन त्या बोटाएवढ्या डबीतच राहते.

ही वीज ३.३ व्होल्टवर दिली जाते. १ वॉट म्हणजे सुमारे ३०० मिलिअँपिअर, २ वॉट म्हणजे सुमारे ६००. आकडे लहान वाटतात, पण ४८ खाचांच्या स्विचमध्ये प्रत्येकाने एकाऐवजी दोन वॉट घेतले तर ४८ चे ९६ वॉट होतात. तेवढी वीज पुरविण्याची आणि तेवढी उष्णता बाहेर काढण्याची तजवीज त्या पेटीत असायला हवी. सर्वसाधारण मॉड्यूलचे कवच ७० अंश सेल्सिअसपर्यंत चालेल असे बनविलेले असते. आपल्याकडे नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात बाहेरची हवाच ४५ अंशांवर जाते आणि उन्हात उभ्या असलेल्या लोखंडी पेटीतली त्याहून अधिक. मग दुपारी दोनला लिंक जाते आणि संध्याकाळी सातला आपोआप परत येते. तपासणारा माणूस संध्याकाळी पोहोचतो, 'दोष आढळला नाही' असे लिहितो आणि निघून जातो. त्या लिंकवर दवाखाना असो की शाळा, दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. अशा तक्रारी ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना अर्ध्या वॉटची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

आता या विजेवर लक्ष ठेवणार कोण? यंत्राच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा, त्याला कर्नेल म्हणतात, आणि कर्नेलचा जो भाग एखाद्या विशिष्ट उपकरणाशी बोलतो त्याला ड्रायव्हर. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली फिनलंडमध्ये विद्यार्थी असताना सुरू केलेले लिनक्स कर्नेल आज असंख्य नेटवर्क यंत्रांत चालते. त्यात एस.एफ.पी.साठीचा सामायिक ड्रायव्हर रसेल किंग यांनी लिहिला आणि तो २०१७ साली ४.१४ या आवृत्तीत आला. एका मोठ्या फाइलीत तो सगळा आहे आणि कोणालाही उघडून वाचता येतो.

आपल्या घराच्या वीजबिलावर 'मंजूर भार' असा एक आकडा असतो. घरमालकाने भाडेकरू ठेवला आणि तो गीझर घेऊन आला, तर आधी विचारायचे की मंजूर भार किती, वायरिंग किती जाड. एस.एफ.पी.चे प्रमाणपत्रक, ज्याचा क्रमांक ८४७२ आहे, हीच शिस्त घालून देते. पहिली पातळी १ वॉट, दुसरी दीड वॉट, तिसरी २ वॉट. मॉड्यूलची गरज कितीही असो, खाचेत बसल्यावर त्याने पहिल्या पातळीवरच जागे व्हायचे. स्वतःची माहिती वाचू द्यायची आणि यजमान यंत्राने परवानगी दिली तरच वर जायचे.

ही माहिती मॉड्यूलमधल्या स्मृतीत असते. तिचे दोन पत्ते आहेत, ए-शून्य आणि ए-दोन. ए-शून्यवर ओळखपत्र असते, म्हणजे बनविणारा, नमुना, आणि ६४ व्या बाइटमध्ये 'मला दुसरी पातळी लागते' किंवा 'तिसरी लागते' हे सांगणारे बिट. ए-दोनवर तापमान, व्होल्टेज अशी चालू मोजमापे, आणि ११८ व्या बाइटमध्ये परवानगीचा बिट. तो १ केला की मॉड्यूल वरच्या पातळीवर जातो. खाचेचा मंजूर भार ड्रायव्हरला यंत्राच्या वर्णनपत्रातून कळतो. तिथे तो मिलिवॉटमध्ये लिहायचा असतो, आणि लिहिलाच नसेल तर ड्रायव्हर १००० मिलिवॉट धरतो. हे मला फार पटते. ज्याने काही सांगितले नाही त्याला कमीत कमीच द्यायचे.

इथपर्यंत सगळे सरळ आहे. खरा विचार पुढे लागतो. समजा खाचेची मर्यादा १ वॉट आहे आणि मॉड्यूल दीड वॉट मागतो. ड्रायव्हरने काय करावे? पुष्कळ विद्यार्थी पटकन म्हणतात, नाकारावे. कर्नेलमधला ड्रायव्हर तसे सरसकट करीत नाही. तो आधी पाहतो की या मॉड्यूलला ए-दोन पत्ता आहे का. असेल, तर मॉड्यूल नियमाप्रमाणे पहिल्या पातळीवर जागा झाला असणार आणि आपण परवानगीचा बिट लावला नाही तर तो तिथेच राहील. म्हणून ड्रायव्हर लॉगमध्ये इशारा लिहितो आणि मॉड्यूलला १ वॉटवरच राहू देतो. कदाचित लिंक चालेल, कदाचित चालणार नाही. पण पेटीला धोका नाही. मात्र ए-दोन पत्ताच नसेल तर परवानगीचा बिट ठेवायला जागाच नाही. असा मॉड्यूल कोणाला न विचारता पूर्ण दीड वॉटवरच जागा होत असावा असे धरून ड्रायव्हर त्याला नाकारतो. तो काढून पुन्हा घालीपर्यंत मग काही होत नाही. ज्याला 'थांब' म्हणता येते त्याला आत राहू द्यायचे, ज्याला म्हणताच येत नाही त्याला नाही. चार-सहा ओळींचा कोड आहे, पण लिहिणाऱ्याने केवढा विचार केला आहे पाहा.

मर्यादा पुरेशी असली तरी घाई नाही. नेटवर्कचे उपकरण अजून जोडले गेलेले नसेल तर ड्रायव्हर पॉवर वाढवीत नाही, वाट पाहतो. जोडले गेले की बिट लावतो आणि ३०० मिलिसेकंद थांबतो, कारण मॉड्यूलला स्थिर व्हायला वेळ हवा. पुढे उपकरण सुटले तर तो बिट परत काढतो. दिलेले परत घ्यायचेही असते, हे नवशिका ड्रायव्हर लिहिणारा हमखास विसरतो.

मित्रहो, प्रमाणपत्रक वाचून परीक्षा देता येते. बाजारात येणारे मॉड्यूल मात्र प्रमाणपत्रक वाचून आलेले असतातच असे नाही. डीएम ७०५२ नावाचा एक मॉड्यूल आहे. तो 'मला जादा पॉवर लागते' असे सांगतो. त्याचा ए-दोन पत्ता वाचायला गेले तर उत्तरही येते, पण प्रत्येक बाइट २५५, म्हणजे सर्वच्या सर्व बिट १. आणि तिथे लिहायला गेले तर तो स्वीकारीत नाही. साध्या पद्धतीने लिहिलेला ड्रायव्हर बिट लावायला जाईल, चूक आली म्हणून मॉड्यूल नाकारील, आणि चांगला मॉड्यूल कपाटात पडून राहील. यावर काढलेला मार्ग मला आवडतो. लिहिण्यापूर्वी ड्रायव्हर तो बिट वाचतो. आधीच १ असेल तर मॉड्यूल वरच्या पातळीवर आहे असे मानून काही न लिहिता पुढे जातो. या मॉड्यूलसाठी वेगळा अपवाद करावा लागला नाही, आणि शहाण्या मॉड्यूललाही हा नियम लागू पडतो. कोडमध्ये त्या जागी मॉड्यूलचे नाव घेऊन कारण लिहून ठेवले आहे, म्हणून दहा वर्षांनी वाचणाराही ती ओळ अनावश्यक समजून खोडणार नाही.

मोठ्या मॉड्यूलचे गणित याहून अवघड. क्यू.एस.एफ.पी.मध्ये पॉवरचे वर्ग दीड वॉटपासून ५ वॉटपर्यंत आणि त्याच्याही पुढे जातात. ४०० गिगाबिटचे मॉड्यूल दहा वॉटच्या वर सहज जातात. तिथे प्रश्न बदलतो. पोर्ट बंद ठेवलेला असताना मॉड्यूलने पूर्ण पॉवर का घ्यावी? पण झोपवून ठेवला तर पोर्ट चालू केल्यावर लिंक यायला वेळ लागतो. हा निर्णय ड्रायव्हरने परस्पर घेऊ नये म्हणून जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या ५.१६ आवृत्तीत तो यंत्र चालविणाऱ्याच्या हाती दिला. ईथटूल या साधनाने 'ऑटो' म्हटले तर पोर्ट बंद असताना मॉड्यूल कमी पॉवरवर, 'हाय' म्हटले तर सदैव वर.

ज्यांना हात घालायचा आहे त्यांनी जुन्या बाजारातून एक-दोन मॉड्यूल आणि एस.एफ.पी. खाच असलेला साधा राउटर मिळवावा. ईथटूलने मॉड्यूलची माहिती पाहावी, ६४ वा बाइट स्वतः उलगडावा, आणि मग ड्रायव्हरच्या फाइलीत पॉवर वाचणारे फंक्शन शोधून तो बाइट तिथून कोणत्या वाटेने जातो ते वहीत काढावे. दोन संध्याकाळी पुरतील. अडेल तिथे खूण करून ठेवा. पुढच्या वर्गाला मी त्या खुणांपासूनच सुरुवात करीन.