अंतर मोजणारा कुठला?

शैक्षणिक धोरणाचा अभ्यास म्हटला की आकडे, अहवाल आणि ठराव आपल्या डोळ्यांपुढे येतात. तो अभ्यास करणारा कुठल्या घरातून आला, हे सहसा कोणी विचारीत नाही. जोतीराव फुल्यांनी मात्र ते न विचारताच सांगितले होते. हंटर शिक्षण आयोगाला १९ ऑक्टोबर १८८२ रोजी दिलेल्या निवेदनाच्या आरंभीच, आपला अनुभव मुख्यतः पुणे व आसपासच्या खेड्यांपुरता आहे, असे ते नमूद करतात. आणि सहीखाली व्यापारी, शेतकरी, म्युनिसिपल कमिशनर असा स्वतःचा परिचय देतात. शेतकऱ्यांत वावरलेला हा माणूस! तिजोरीत पैसा रयतेचा आणि शिक्षण वरच्या वर्गांना, हा हिशेब त्यांना दिसला. वयाच्या किमान १२ व्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी त्यांतूनच निघाली. त्याच आयोगापुढे पंडिता रमाबाईंची साक्ष झाली. आईजवळ संस्कृत शिकलेल्या रमाबाईंनी मुलींसाठी स्त्रीशिक्षिका मागितल्या.

आता माझंच सांगतो. माझे वडील शाळामास्तर, शाळा घरासमोर. पिंगुळीच्या बाजूला कमी पटाच्या शाळांची पाहणी करताना, शिक्षणहक्काच्या नियमांतले 'पहिली ते पाचवी, १ किलोमीटर' हे अंतर मला किरकोळ वाटले. नकाशावर पट्टी ठेवली, की झाले! वीसहून कमी मुलांची शाळा शेजारच्या शाळेत मिळवावी, असे मी मसुद्यात लिहूनही टाकले. मग एका वाडीवर एक आजी म्हणाल्या, "पावसात साकव बुडता, मास्तर. मगे नातू जातलो कसो?"

माझ्या पट्टीवर साकव नव्हता. जुलैतली गैरहजेरी मी पालकांच्या अनास्थेच्या खाती मांडली होती. मास्तरांच्या मुलाला गैरहजेरी हा गुन्हाच वाटणार! तसा त्या घराचा फायदाही झाला, नाही असे नाही. हजेरीपुस्तक मला वाचता येते. तपासणीच्याच आठवड्यात सगळ्या ओळी भरलेल्या दिसल्या, की मी समजतो. पण पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या घरात एखादा मुलगा चित्रकथीची पोथी मांडून रामायण सांगू लागतो, त्याला माझ्या तक्त्यात रकानाच नव्हता.

तो मसुदा मी मागे घेतला. नव्या मसुद्याच्या पहिल्या पानावर लिहिलंय: वडील शिक्षक, घर शाळेसमोर, ओहळ ओलांडून शाळेत जाण्याचा अनुभव नाही. सहकाऱ्यांना ते पान अनावश्यक वाटते. येत्या जुलैत आजींच्या नातवाबरोबर ती वाट चालायचे ठरले आहे. घड्याळ घेईन, छत्री तो म्हणतो उपयोगाची नाही.