पत्त्यांची वही

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



कालपासून आपण पोटगी, पोलीस ठाणं, कोर्टाच्या तारखा यांवर बोलतोय. मी बोलणार आहे ई-मेलमधल्या पत्त्यांच्या वहीबद्दल. काहीजणींना हसू येईल. पण आमच्या सल्ला केंद्रात या वहीतल्या एका नोंदीमुळे एका बाईला मुलांसकट रातोरात घर सोडावं लागलं. चूक आमची होती, आणि ते पत्र मी स्वतः पाठवलं होतं.

बाई मार खाऊन बहिणीकडे आली होती. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली अर्ज करायचा होता. मसुदा तिला वाचायला पाठवायचा होता आणि त्यात बहिणीच्या घराचा पत्ता होता. केंद्रात आपण फायली आडनावानं लावतो, त्या सवयीनं मी आडनाव टाइप केलं. खाली आपोआप एक नाव आलं, मी एंटर दाबलं. ते तिच्या नवऱ्याचं होतं.

मला ते दिसलं कसं नाही? आपल्याकडे बाईच्या पूर्ण नावात नवऱ्याचं नाव आणि त्याचंच आडनाव असतं. त्याच्या नावातले हे दोन्ही शब्द तिच्याही नावात होते. डोळ्यांना ते ओळखीचे वाटले. गेलेलं पत्र मागे बोलावता येत नाही. बहिणीचा राग अजून गेलेला नाही, आणि तो रास्तच आहे.

पण तो माणूस आमच्या वहीत आला कुठून? कुणीच त्याला नोंदवलं नव्हतं. आम्ही थंडरबर्ड वापरतो. त्यात आपल्या वहीशेजारी ‘कलेक्टेड अ‍ॅड्रेसेस’ नावाची दुसरी वही असते. ज्याला आपण पत्र पाठवतो, त्याचा पत्ता तिथे आपसूक जाऊन बसतो. समझोत्याच्या बैठकीसाठी त्याला चार पत्रं गेली होती, तिला एकच. ज्याला जास्त पत्रं जातात त्याचं नाव हा प्रोग्राम वर दाखवतो. म्हणून तो पहिला.

मग दोघीजणी दोन रविवार वही घेऊन बसलो. आधी सगळी वही एक्स्पोर्ट करून पेनड्राइव्हवर ठेवली. हे विसरू नका. आमच्या एका कार्यकर्तीनं पूर्वी हीच यादी एक्सेलमधून साध्या सीएसव्हीत साठवली होती, तेव्हा मराठीतली सगळी नावं प्रश्नचिन्हं होऊन बसली. साठवताना ‘यूटीएफ-८’ निवडायचं असतं. एकदा प्रश्नचिन्हं झाली की त्यातून नाव परत निघत नाही.

नंतर ती दुसरी वही रिकामी केली. सेटिंग्जमध्ये कम्पोझिशन, त्यात अ‍ॅड्रेसिंग, तिथे पत्ते आपोआप नोंदवण्याची खूण असते ती काढली. मग दुबार नोंदी. एकच बाई माहेरच्या नावानं एकदा, सासरच्या नावानं एकदा, पत्ते वेगळे. यातला कुठला पुसायचा ते आपण टेबलाशी बसून ठरवायचं नाही, तिला फोन करून विचारायचं. आणि विचारायचं काय? ‘पत्ता बरोबर आहे का’ एवढंच नाही. ‘हा पत्ता फक्त तुझा आहे का? पासवर्ड अजून कुणाकडे आहे?’ कितीतरी खाती नवऱ्यानं नाही तर मुलानं उघडून दिलेली निघाली. एका पत्त्यावर तर तीन बायका होत्या. तो गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याचा होता!

‘मेलर-डीमन’कडून येणारी इंग्रजी पत्रं आम्ही कचरा म्हणून फेकत होतो. आपलं पत्र पोचलं नाही, हा निरोप असतो तो. ‘डॉट कॉम’च्या जागी ‘डॉट कोन’ लिहिलेल्या नोंदी त्यावरूनच सापडल्या. परत आलेलं पत्र त्यातल्या त्यात बरं. चुकीचा पत्ता खरोखरच कुणाचा असला, तर ते परत येत नाही, कुणीतरी वाचतं.

खरा वाद झाला तो नावांवरून. मी म्हटलं, वहीत बाईचं फक्त स्वतःचं नाव आणि फाइलचा नंबर लिहू. आमच्या एक ज्येष्ठ ताई म्हणाल्या, कोर्टाच्या कागदावर पूर्ण नाव लागतं, उद्या घोळ होईल. त्यांचंही खरं होतं. शेवटी कागदाच्या फायलीवर पूर्ण नाव, वहीत नाव आणि नंबर, असं ठरलं. नवऱ्यांचे आणि सासरच्यांचे पत्ते वहीत ठेवतच नाही. त्यांना लिहायचं झालं तर फाइल काढून पत्ता अक्षर अक्षर टाइप करतो. वेळ जातो, जाऊ दे. आणि घराचा पत्ता असलेला कागद पाठवण्याआधी दुसरीनं ‘प्रति’चा रकाना मोठ्यानं वाचायचा, नावासकट ई-मेलचा पत्ताही.

जेवणानंतर मी मागच्या खोलीत बसते आहे. ज्यांनी लॅपटॉप आणलाय त्यांनी या, तुमच्या वहीत कोण कोण येऊन बसलंय ते बघू.