कॉम्प्युटर मधेच बंद पडतो तेव्हा

पेण आणि रोह्याकडच्या गटांमध्ये फिरताना आमच्या कानावर एक तक्रार हमखास येते. "ताई, आमचा कॉम्प्युटर मधेच बंद पडतो. काही नेम नाही, कधीही पडतो." त्याच कॉम्प्युटरवर हप्त्यांच्या नोंदी असतात, बँकेत द्यायचा कर्जाचा प्रस्ताव असतो, पापडाची नि पोह्यांची बिलं असतात. तो मार्चअखेरीला बंद पडला की जीव टांगणीला लागतो.

एका गटाला दुरुस्तीवाल्याने पाच मिनिटं बघून सांगितलं, मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या, तीस हजार लागतील. आता हिशेब करा. वीस बायका, महिन्याला शंभर रुपये बचत. म्हणजे पंधरा महिन्यांची सगळी बचत त्या एका वाक्यावर द्यायची! त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही, की बाबा, कशावरून?

"कधीही पडतो" यावर आमचा विश्वास नाही. यंत्राला लहर येत नाही. कारण असतंच, फक्त आपण त्याची नोंद ठेवलेली नसते, म्हणून ते दिसत नाही. गटाचा रुपयान् रुपया आपण वहीत लिहितो, मग हे का लिहू नये? म्हणून आम्ही कॉम्प्युटरच्या टेबलाला सुतळीने एक वही बांधून ठेवायला सांगतो. बंद पडला की लगेच लिहायचं: तारीख, वेळ, सुरू करून किती वेळ झाला होता, तेव्हा काय काम चाललं होतं, पडद्यावर काय दिसलं, लाईट कमी-जास्त होत होती का, आणि परत लगेच सुरू झाला की थांबावं लागलं.

ही पद्धत आमची नाही बरं का, जुनी आहे. १९४७ साली सप्टेंबरच्या ९ तारखेला अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क टू नावाच्या खोलीएवढ्या यंत्रात बिघाड झाला. शोधता शोधता एका रिलेमध्ये अडकलेला पतंग सापडला. तिथल्या लोकांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीतच चिकटवून टाकला. ग्रेस हॉपर या बाई त्याच कामावर होत्या, त्यांनी पुढे ही गोष्ट अनेकांना सांगितली. ती वही आजही तिथल्या संग्रहालयात जपून ठेवली आहे. आपल्याकडे पतंग नाही, पण कॅबिनेट उघडल्यावर पालीची अंडी आम्हाला दोनदा सापडली आहेत.

वही सुरू करायच्या आधी एक काम. बंद पडणाऱ्या कॉम्प्युटरमधल्या सगळ्या फाइली आजच दोन पेनड्राइव्हवर घ्या. एक कपाटात ठेवा, दुसरा वेगळ्या घरी. दुरुस्तीला देण्याआधी तर घ्याच. मशीन नवीन आणता येतं, नोंदी नाही आणता येत. आणि कागदाचं रजिस्टर बंद करू नका, कुणी कितीही सांगो.

आता पेणकडची गोष्ट. हमरापूर, जोहे हा सगळा गणपतीच्या कारखान्यांचा पट्टा. तिथल्या एका गटाची खोली मूर्तीच्या कारखान्याला लागून आहे. त्यांच्या वहीत महिन्याभरात नऊ नोंदी झाल्या. त्यातल्या आठ दुपारी एक ते चारमधल्या. सकाळी एकही नाही. प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास काम झाल्यावर खाडकन बंद, आणि लगेच बटण दाबलं तर सुरू होऊन पुन्हा बंद. वीस मिनिटांनी मात्र शहाण्यासारखा चालू. एवढं वाचल्यावर डोक्यात काय येतं? गरम होतोय. प्रोसेसर जास्त तापला की जळू नये म्हणून मशीन स्वतःहून बंद होतं.

तरी आम्ही लगेच पैसे खर्च करू दिले नाहीत. कॅबिनेटची एक बाजू काढली आणि समोर टेबलफॅन लावला. दिवसभर चालला. दुसऱ्या दिवशीही चालला. खात्री झाली, मगच साफसफाई. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धातूच्या पातळ पट्ट्या असतात, त्यातून हवा जायची असते. तिथे प्लॅस्टरची भुकटी आणि कापसासारखा मळ यांची गादीच झाली होती. वायर काढून, मशीन अंगणात नेऊन, कोरड्या मऊ ब्रशने आणि ब्लोअरने ते साफ केलं. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवायचा, गरगर फिरू द्यायचा नाही. ओलं फडकं अजिबात नको. पंख्याखालची पेस्ट सुकून खडू झाली होती, ती दुरुस्तीवाल्याकडून नवी लावून घेतली. नव्या मशीनचा खर्च टळला. रोह्याकडे भात मळणीच्या दिवसांत कोंडा उडतो, तेव्हा हाच प्रकार होतो.

एक सांगून ठेवतो. मागच्या बाजूला वायर जाते तो लोखंडी डबा, त्याला एसएमपीएस म्हणतात, तो कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात काही वेळ वीज साठलेली असते.

रोह्यातल्या एका गटाची तक्रार अगदी हीच होती, खाडकन बंद. पण वही वेगळं बोलत होती. सकाळ, संध्याकाळ, थंडी, ऊन, कशाचा संबंध नाही. मात्र "काय काम चाललं होतं" या रकान्यात पुन्हा पुन्हा एकच शब्द: प्रिंट. लेझर प्रिंटर होता, आणि तो जोडला होता कॉम्प्युटरच्याच यूपीएसवर. लेझर प्रिंटर शाई भाजून कागदावर बसवतो, आत छोटी शेगडीच असते म्हणा ना. छपाईच्या सुरुवातीला तो क्षणभर ५००-६०० वॅट किंवा त्याहूनही जास्त ओढतो. नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो, त्यातले शंभर-दीडशे कॉम्प्युटर आणि मॉनिटरचे. मग त्याने मान टाकली तर दोष कुणाचा? प्रिंटरची पिन थेट भिंतीच्या सॉकेटला लावली आणि त्या दिवसापासून तो त्रास बंद. खर्च शून्य.

लाईट डोळा मिचकावते तेव्हाच बंद पडत असेल, तर यूपीएसची बॅटरी बघा. दोन-तीन वर्षांत ती थकते, आपल्या उकाड्यात लवकरच. तपासायला कॉम्प्युटर वापरू नका. तो नीट बंद करा, यूपीएसला ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब लावा आणि यूपीएसची पिन भिंतीतून काढा. दहा मिनिटंही बल्ब टिकला नाही तर बॅटरी बदला, अख्खा यूपीएस नको. सोबत वायरमनकडून अर्थिंग बघून घ्या. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं, तेव्हा आपल्या जिल्ह्यात कितीतरी गावं बरेच दिवस अंधारात होती. अशा वेळी वीज परत येताना दाब वरखाली होतो. म्हणून लाईट गेली की पिन काढायची, आणि आल्यावर दहा मिनिटं थांबून लावायची.

काही वेळा मशीन खाडकन बंद होत नाही, निळा पडदा येतो. त्यावर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं असतं. घाबरू नका, मोबाइलने फोटो काढा, तो फोटो वहीइतकाच कामाचा. निळा पडदा येण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे रॅम. आपल्याकडच्या दमट हवेत रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात काळवंडतात. पट्टी काढून शाळेच्या खोडरबराने दात हलके पुसायचे, भुकटी झटकायची आणि टक् आवाज येईपर्यंत परत बसवायची. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. विंडोजमध्ये मेमरी डायग्नोस्टिक नावाची तपासणी फुकट असते, ती रात्री लावून ठेवा.

विंडोज स्वतःचीही वही लिहितं. सर्चमध्ये इंग्रजीत रिलायबिलिटी टाइप केलं की तारखांचा तक्ता उघडतो, बिघाडाच्या दिवशी लाल फुली. ती आपल्या वहीशी ताडून बघा. कुणी इव्हेंट व्ह्यूअर उघडून "कर्नल-पॉवर ४१ आलाय, मशीन गेलं" असं म्हणालं, तर मानू नका. त्या ४१ चा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता बंद झालं. ते आपल्यालाही ठाऊक होतं!

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. पापडाचं पीठ बिघडलं तर आपण पापडखार, मीठ, पाणी सगळं एकदम बदलतो का? मग नेमकं काय चुकलं ते कधीच कळायचं नाही. एक बदला, चार-पाच दिवस बघा, वहीत लिहा.

एका बाबतीत मात्र वाट बघू नका. मशीन अडकतं, फाइल उघडायला युग लागतं आणि आतून टक-टक आवाज येतो, तर ती हार्डडिस्क आहे. पुन्हा पुन्हा चालू करू नका, बंद ठेवूनच दुकानात न्या.

दुकानात जाताना वही बरोबर घ्या. पान उघडून पुढे ठेवा आणि विचारा, कशावरून म्हणता? भाग बदलला तर जुना परत मागा. काही जण चिडतात. चांगला कारागीर मात्र वही बघून खूश होतो, त्याचं अर्धं काम झालेलं असतं.

रोह्याच्या त्या वहीत सध्या एक नोंद उरली आहे. प्रिंट चालू नव्हती, लाईट होती, सकाळचे साडेदहा, आणि पडदा अचानक गोठला. एकदाच झालंय. बायकांनी त्याखाली चार ओळी कोऱ्या सोडल्या आहेत.