काळ्या कोटाच्या आत

आम्ही शहापूर आणि मुरबाडच्या कोर्टात वकिली करणाऱ्या काही जणी. एरवी या कार्यक्रमात आम्ही आलो की पोटगी, सातबारा, वारसनोंद असंच काहीतरी सांगतो. आजचा विषय मात्र आमचाच आहे, वकिलांच्या मनाचा. "वकिलांना कसलं आलंय टेन्शन, ते तर फी घेतात," असं किन्हवलीच्या बाजारात कुणी म्हणालं तर आम्हाला नवल वाटणार नाही. म्हणून आधी आमचा दिवस कसा जातो ते सांगतो.

मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणहून एसटी, नाहीतर स्वतःची दुचाकी. शहापूरला यायचं तर आसनगावला उतरून रिक्षा. कोर्टात पोचावं तर डोळखांब किंवा टोकावड्याकडची एखादी बाई आमच्याआधी येऊन ओट्यावर बसलेली असते. मजुरी बुडवून, लेकरू शेजारणीकडे ठेवून आलेली. पुकारा होतो, समोरच्याला समन्सच बजावलेलं नसतं आणि पुढची तारीख पडते. आता हे तिला सांगायचं कुणी? आम्हीच. घरगुती हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात पहिली तारीख साधारण 3 दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत लावायचा प्रयत्न करावा, असं लिहिलं आहे. ते आम्हीच तिला पहिल्या भेटीत सांगितलेलं असतं. सहा महिन्यांनी ती विचारते, "ताई, साठ दिवस कधी भरणार?" तिचा राग ज्याच्यावर निघायला हवा तो समोर नसतो, आम्ही असतो. त्या रागाबद्दल आमची तक्रार नाही. पण दिवसातून पाच जणींचा असा राग आणि रडणं ऐकून माणूस घरी जातो तेव्हा भाजीत मीठ घातलं की नाही तेही आठवत नाही.

त्याहून जड असतात लहान मुलांवरच्या अत्याचाराचे खटले. आमच्यातली एक जण अशा एका प्रकरणात मुलीच्या घरच्यांच्या बाजूने उभी होती. त्या मुलीचा जबाब पुन्हा पुन्हा वाचावा लागतो, एकेक शब्द तपासावा लागतो. घरी तिची स्वतःची मुलगी जवळपास त्याच वयाची. हळूहळू तिने मुलीला वाण्याकडे पाठवणं बंद केलं. मग शाळेच्या रिक्षावाल्याचा संशय. रात्री तीनला उठून कडी तपासायची. नवरा विचारायचा काय झालं, तर सांगता येईना, कारण पक्षकाराची गोष्ट बाहेर बोलायची नाही हे बंधन कायद्यानेच आमच्यावर घातलं आहे. ज्या दुःखाला वाचा फोडायची तेच आपल्या घरात मुकं ठेवायचं, असा हा धंदा.

डॉक्टर, पोलीस, वकील, जे रोज दुसऱ्याचा आघात ऐकतात त्यांच्यावरही त्याचा परिणाम होतो, ही गोष्ट आता जगभर मानली जाते. झोप जाते, चिडचिड होते, किंवा उलट काहीच वाटेनासं होतं. एखादी फाईल कपाटातून काढावीशीच वाटत नाही. अमेरिकेत 2016 मध्ये जवळजवळ 13,000 वकिलांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात साधारण 28 टक्के वकिलांमध्ये नैराश्याची लक्षणं दिसली आणि पाचातल्या एकाचं दारू पिणं काळजी करण्याजोगं होतं. तिकडच्या एसी ऑफिसातल्यांची ही गत. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली बसून अर्ज लिहावे लागतात. (उन्हाळ्यात खालच्या कोर्टात काळा कोट सक्तीचा नाही, पण तो काढला तर पक्षकाराला वकील ओळखू येत नाही, म्हणून घालतोच.)

पैशाचंही बोलायला हवं. नव्या मुलीला पहिली दोन-तीन वर्षं सीनियरकडे जाण्यायेण्याचा खर्चसुद्धा सुटत नाही. वकिली करताना पूर्णवेळ पगारी नोकरी धरता येत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनियरना खेड्यात महिना 15,000 आणि शहरात 20,000 रुपये द्यावेत असं परिपत्रक काढलं. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. घरचे म्हणतात, "एवढं शिकून काय मिळवलंस?" आणि हे वाक्य मुलाला जितक्या वेळा ऐकावं लागतं त्याच्या दुप्पट मुलीला.

आता आम्ही काय करतो ते. दुसऱ्या शनिवारी कोर्टाला सुट्टी असते, तेव्हा आम्ही भेटतो, एकदा शहापूरला, एकदा मुरबाडला. खटल्याची माहिती सांगायची नाही, नाव नाही, गाव नाही. फक्त आपल्याला काय होतंय ते बोलायचं. "मला तीन आठवडे झोप नाही" हे सांगायला कुठलाही कायदा आड येत नाही, हे आमच्या त्या मैत्रिणीला याच बैठकीत उमगलं. तेच वाक्य मग तिने नवऱ्यालाही सांगितलं. नंतर ती डॉक्टरांकडे गेली. आता खटलेही चालवते आणि मुलगी वाण्याकडेही जाते.

डॉक्टर म्हटलं की आपल्याकडे लगेच "हिला ठाण्याला न्या" अशी थट्टा होते. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 पासूनचं, आणि ही थट्टाही बहुधा तितकीच जुनी. पण झोपेसाठी, भीतीसाठी उपचार घेणं म्हणजे तिथे दाखल होणं नव्हे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. उपचार घेतले म्हणून वकिलाची सनदही जात नाही. एसटीच्या रांगेत उभं राहूनही करता येईल असा फोन आहे, टेलिमानस, नंबर 14416. पैसे पडत नाहीत, रात्रीबेरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. हा नंबर वकिलांपुरता नाही, तुमचाही आहे.

तुमच्याकडे एक मागणं आहे. तारीख विचारायला रात्री अकराला फोन करू नका, सकाळी करा. मात्र घरातलं कुणी पोलिसांनी नेलं असेल तर मध्यरात्रीही करा. अटकेनंतर 24 तासांच्या आत माणसाला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावंच लागतं, तेव्हा तो वेळ वाया घालवायचा नसतो.

यंदा सनद घेतलेल्या मुली हा कार्यक्रम ऐकत असतील तर त्यांनी येत्या दुसऱ्या शनिवारी दुपारी मुरबाडला यावं. शहापूरकडून येणारीने सरळगाव मार्गे एसटी धरावी. फाईल आणू नये. चहा आमच्याकडे.