मोजलेले आकडे, ताडलेले आकडे

मनगटावरचे स्मार्टवॉच हल्ली पावले सांगते, हृदयाचे ठोके सांगते, रक्तातला ऑक्सिजन, रात्रीची झोप, मनावरचा ताण, खर्च झालेल्या कॅलरी सांगते. काही घड्याळे तर रक्तदाब आणि साखरही सांगतात. हे सगळे आकडे पडद्यावर सारख्याच ठसठशीत अक्षरांत उमटतात, म्हणून ते सारखेच खरे वाटतात. तसे ते नाहीत. या प्रत्येक गोष्टीसाठी घड्याळात वेगळा सेन्सर, म्हणजे संवेदक, बसवलेला नसतो. हालचाल टिपणारी चिप आणि त्वचेवर प्रकाश टाकून परत आलेला प्रकाश मोजणारी जोडी, मुख्यतः एवढ्यावरच यातले बहुतेक आकडे निघतात. संवेदक प्रत्यक्ष मोजतो ती गोष्ट फार साधी असते आणि पुढचे सगळे ताडलेले असते, शितावरून भाताची परीक्षा करावी तसे. ही परीक्षा कधी नेमकी ठरते, कधी साफ चुकते. म्हणून कोणता आकडा मोजलेला आहे आणि कोणता किती पायऱ्या चढून ताडलेला आहे, हे पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये, असे माझे म्हणणे आहे.

आधी हालचालीचे पाहू. फोनमध्ये आणि घड्याळात ॲक्सेलरोमीटर नावाची काही मिलिमीटरची चिप असते. तिच्यात सिलिकॉनचा अतिसूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला असतो. फोन हलला की हा तुकडा किंचित मागे राहतो, शेजारच्या पट्ट्यांपासूनचे त्याचे अंतर बदलते, त्याबरोबर तिथली विद्युत धारकता बदलते आणि तो बदल चिप टिपते. गंमत अशी की टेबलावर स्वस्थ पडलेल्या फोनमधली ही चिप शून्य दाखवत नाही. ती गुरुत्वाकर्षणाचे 9.8 हे माप दाखवते, कारण टेबलाने फोनला खाली पडण्यापासून अडवून धरलेले असते. तोच फोन हातातून निसटला, तर पडताना ती जवळजवळ शून्य दाखवते. फोन आडवा केला की पडद्यावरचे चित्र आडवे होते, ते याच मापाच्या आधारे, आणि तिथे ताडण्यासारखे फारसे काही उरत नाही. पावलांचे मात्र निराळे आहे. पाऊल नावाची गोष्ट या चिपला ठाऊकच नाही. तिला फक्त हिसके कळतात. त्या हिसक्यांत चालण्यासारखी लय सापडली की सॉफ्टवेअर त्यांना पावले समजते. त्यामुळे हातगाडी ढकलत चाललेल्या माणसाचे हात दांड्यावर स्थिर असतील तर त्याची पावले मोजणीतून निसटू शकतात, आणि आरतीला जागेवर उभे राहून टाळ्या वाजवणाऱ्याच्या खात्यात न चाललेली पावले जमा होऊ शकतात. वारीत टाळ वाजवत चालणाऱ्या वारकऱ्याचे मनगट टाळाच्या ठेक्यावर हलते. त्याची पायपीट घड्याळाला कितपत नीट मोजता येईल, याची शंकाच आहे. आणि ज्या दहा हजारांच्या आकड्यापाशी आपण ही मोजणी नेऊन थांबवतो, तोही कुठल्या वैद्यकीय चाचणीतून आलेला नव्हता. 1965 मध्ये जपानमधल्या यामासा कंपनीने पावले मोजणारे एक यंत्र बाजारात आणले. त्याच्या नावातच दहा हजार होते आणि तिथून तो आकडा जगभर पसरला.

सगळेच अनुमान कच्चे असते असे मात्र नाही. जीपीएसचे उदाहरण घ्या. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरचे उपग्रह आपली वेळ आणि जागा सतत प्रक्षेपित करत असतात. जीपीएससाठी फोन त्यांना काहीही पाठवत नाही, तो फक्त ऐकतो. संदेश किती उशिरा पोहोचला यावरून प्रत्येक उपग्रहाचे अंतर निघते. वेळेत एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात 300 मीटरची चूक होते, आणि फोनचे घड्याळ तेवढे अचूक नसते. म्हणून ती चूकही गणितातूनच शोधून काढण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. म्हणजे आपण कुठे आहोत हेही ताडलेलेच असते. पण त्यातली प्रत्येक पायरी भूमितीची आहे, ती माणसागणिक बदलत नाही. हवेचा दाब मोजणाऱ्या संवेदकाचेही असेच. तीन मीटर वर गेलो की दाब सुमारे 0.36 हेक्टोपास्कलने उतरतो आणि तेवढ्यावरून किती जिने चढलो ते कळते. हवामान बदलले की दाब आपोआप बदलतो आणि उंचीचा हिशेब बिघडतो, एवढीच त्यातली अडचण. होकायंत्राचे काम करणारा संवेदक आपल्याकडे सुमारे 40 मायक्रोटेस्ला असलेले पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र मोजतो, त्यामुळे कव्हरमधल्या लहानशा चुंबकानेही तो फसतो.

खरा प्रश्न उभा राहतो तो शरीराशी गाठ पडल्यावर. घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा प्रकाश आपण सगळ्यांनी पाहिला आहे. रक्तातले हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषते. प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त क्षणभर वाढते, परत येणारा प्रकाश तेवढा कमी होतो, आणि ही उघडझाप मोजली की ठोके मिळतात. इथे मोजमाप आणि निष्कर्ष यांत एकच पायरी आहे आणि ती बऱ्यापैकी भक्कम आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाने 2017 मध्ये 60 जणांवर मनगटी पट्ट्यांची 7 मॉडेल्स तपासली, तेव्हा 7 पैकी 6 मॉडेल्सची ठोक्यांमधली चूक 5 टक्क्यांच्या आत होती. पण त्याच पट्ट्यांनी सांगितलेल्या कॅलरींमध्ये सर्वांत चांगल्या पट्टीची सरासरी चूक 27 टक्के निघाली आणि सर्वांत वाईट पट्टीची 93 टक्के. माणसे तीच, मनगट तेच, यंत्रही तेच. फरक एवढाच की ठोके मोजता येतात आणि कॅलरी ताडाव्या लागतात: ठोके, हालचाल, वय, वजन यांच्यावरून. झोपेचीही हीच कथा. निद्राविकारांच्या प्रयोगशाळेत झोपेचे टप्पे मेंदूच्या विद्युतलहरींवरून ठरवतात. घड्याळ मेंदूपासून दूर, मनगटावर असते. अंथरुणात डोळे उघडे ठेवून निश्चल पडलेल्या माणसाला ते सहज झोपलेला ठरवू शकते.

ऑक्सिजनच्या आकड्यापाशी थोडे थांबायला हवे, कारण कोविडच्या काळात आपल्या घराघरांत बोटाला ऑक्सिमीटर लावला गेला आणि 94 की 95 यावर घरच्यांचा जीव टांगणीला लागला. या यंत्रामागचे तत्त्व जपानमधले अभियंते ताकुओ आओयागी यांनी 1970च्या दशकात मांडले. ऑक्सिजन असलेले आणि नसलेले रक्त लाल आणि अवरक्त प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषते. या दोन शोषणांचे गुणोत्तर यंत्र मोजते. मात्र अमुक गुणोत्तर म्हणजे अमुक टक्के ऑक्सिजन, हे कोष्टक प्रयोगातून बनवावे लागते. निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देतात, धमनीतले रक्त काढून तपासतात आणि आकडे जुळवतात. मग ते स्वयंसेवक कोण होते, याला महत्त्व येते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2013 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार, त्यांत गडद त्वचेची निदान 2 माणसे किंवा एकूण संख्येच्या 15 टक्के, यांपैकी जी संख्या जास्त असेल ती घेतली की पुरे होते. डिसेंबर 2020 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी त्याचा परिणाम दाखवला. ऑक्सिमीटर 92 ते 96 टक्के दाखवत असताना धमनीतल्या रक्तात प्रत्यक्षात 88 टक्क्यांहून कमी ऑक्सिजन असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत 3.6 टक्के होते, काळ्या रुग्णांत 11.7 टक्के. हा अभ्यास रुग्णालयातल्या ऑक्सिमीटरचा आहे, जो बोटाच्या आरपार गेलेला प्रकाश मोजतो. घड्याळ तर मनगटावरून उलट फिरलेला, त्यामानाने दुबळा प्रकाश वाचते. आपल्या देशात त्वचेचे रंग उजळ गव्हाळ ते गडद सावळे असे पसरलेले आहेत. तेव्हा इथे घड्याळ विकणाऱ्याने आपले कोष्टक कोणत्या त्वचेवर बनवले ते सांगितले पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो बिनमहत्त्वाचा नाही. कोणी म्हणेल, पाऱ्याचा तापमापक तरी कुठे ताप मोजतो? तो पारा किती चढला ते दाखवतो आणि ताप आपण ताडतो. मग विज्ञानातले सगळेच मोजमाप अनुमान नाही का? आहेच. पण पाऱ्याचे प्रसरण माणसागणिक बदलत नाही, आणि पट्टीवरच्या खुणा कुठल्या तत्त्वावर आखल्या ते कोणालाही पडताळून पाहता येते. ताणाचा गुणांक किंवा झोपेचे शंभरपैकी ब्याऐंशी गुण ज्या सूत्राने निघाले, ते सूत्र कंपनीजवळच राहते आणि एका अपडेटने रातोरात बदलूही शकते. अनुमान असण्याला माझी हरकत नाही, पण ते मोजमापाच्या वेषात समोर यावे हे मला मान्य नाही. निश्चित आकड्याऐवजी ‘एवढ्यापासून एवढ्यापर्यंत’ असे दाखवणे पडद्याला काही अवघड नाही.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे: या घड्याळांमुळे माणसे वाचली आहेत, मग त्यांच्याबद्दल शंका का पेरायची? त्याचे उत्तर पुराव्यातच आहे. ॲपल हार्ट स्टडी या 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 4 लाख 19 हजारांहून अधिक लोक होते. ठोके अनियमित असल्याची सूचना त्यांतल्या जेमतेम अर्ध्या टक्क्याला मिळाली. त्यांच्यापैकी ज्या 450 जणांनी नंतर छातीवर इसीजीची पट्टी लावून नोंद पाठवली, त्यांतल्या 34 टक्क्यांत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाची लय बिघडण्याचा आजार, सापडला. हा आजार येतो-जातो, त्यामुळे उरलेल्यांना तो नव्हताच असेही म्हणता येत नाही. पट्टी अंगावर असतानाच घड्याळाने सूचना दिली तेव्हा ती 84 टक्के वेळा खरी ठरली. लकव्याचा धोका वाढवणारा हा आजार अनेकदा कुठलेही लक्षण न दाखवता राहतो, तेव्हा हे यश मोठे आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण ते का मिळाले ते पाहा. दोन ठोक्यांमधले अंतर ही घड्याळाला थेट मोजता येणारी गोष्ट आहे, आणि घड्याळाने निदान न करता तपासणीकडे बोट दाखवले. तसेच, एकच घड्याळ त्याच मनगटावर महिनोन्‌महिने वापरणाऱ्याला विश्रांतीच्या वेळचे ठोके चढत चालले आहेत की उतरत आहेत हे नक्की कळू शकते. आकड्यांचा कल पाहण्यात या यंत्रांचा खरा उपयोग आहे.

अनुमानाची आणखी एक बाजू आहे. साध्या हालचालीतून झोप ताडता येत असेल, तर दुसरे काहीही ताडता येईल. फोन कसा वळला हे मोजणारा जायरोस्कोप हवेतल्या ध्वनिकंपनांनीही किंचित थरथरतो. 2014 मध्ये स्टॅनफर्डच्या आणि इस्रायलच्या संशोधकांनी या थरथरीवरून बोलणारा कोण आणि काही प्रमाणात शब्द कोणते, हे ओळखता येते असे दाखवले. मायक्रोफोन वापरण्यासाठी ॲपला आपली परवानगी मागावी लागते. अँड्रॉइड फोनवर जायरोस्कोपसाठी ती लागत नसे. पुढे 2021च्या अँड्रॉइड 12 पासून सेकंदाला 200 पेक्षा जास्त नोंदी हव्या असतील तर ॲपला ते आधी जाहीर करावे लागू लागले. ‘माझ्या पावलांत लपवण्यासारखे काय आहे,’ असे म्हणणाऱ्यांनी 2018ची घटना आठवावी. स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपने लोकांच्या धावण्या-चालण्याचा जागतिक नकाशा प्रसिद्ध केला होता, आणि त्यात ओसाड प्रदेशातल्या लष्करी तळांचे रस्ते उजळून दिसले. सैनिकांनी फक्त आपली धाव नोंदवली होती.

आता सर्वांत तातडीचे. त्वचेला न टोचता रक्तातली साखर सांगण्याचा दावा करणारी घड्याळे आणि अंगठ्या ऑनलाइन बाजारात सर्रास मिळतात. फेब्रुवारी 2024 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर केले की अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही आणि ती वापरू नयेत. दंडावर चिकटवायची जी साखरमापक पट्टी असते तिची गोष्ट वेगळी, कारण तिची बारीक तार त्वचेखाली जाऊन तिथली साखर खरोखर मोजते. घड्याळ त्यावेळी केवळ पडद्याचे काम करते. रक्तदाबाचेही पाहा. सॅमसंगसारख्या कंपनीचे घड्याळसुद्धा दर 4 आठवड्यांनी दंडाला पट्टा बांधून घेतलेल्या मापाशी जुळवून घ्यावे लागते. श्रोतेहो, काही स्वस्त घड्याळे गुंडाळलेल्या टॉवेलला बांधली तरी ठोके दाखवतात. आपले घड्याळ टॉवेलला बांधून पाहा. आणि घरात कोणी साखरेसाठी इन्सुलिन किंवा रक्तदाबासाठी गोळी घेत असेल, तर घड्याळातला आकडा पाहून मात्रा कमी-जास्त करू देऊ नका. आधी ग्लुकोमीटरवर किंवा दंडाच्या पट्ट्याने मोजा, आणि मग डॉक्टरांना विचारा.