विद्यापीठाचे कुंपण आणि रोगाची वाट



‘विद्यापीठांतील साथीचे रोग व त्यांचा प्रतिबंध’ हा आजचा विषय जाहीर झाला, तेव्हा आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल, की हे कुलगुरूंनी ऐकावे, वसतिगृहाच्या रेक्टरांनी ऐकावे. आम्हां संसारी माणसांचा त्याच्याशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देण्यासाठीच मी उभा आहे. विद्यापीठाला कुंपण असते. रोगाला ते दिसत नाही, एवढेच मला सांगायचे आहे. त्यासाठी अमेरिकेतील तीन हकिकती घेतो.

न्यूयॉर्क राज्यात इथाका या लहानशा शहरात कॉर्नेल विद्यापीठ आहे. १९०३ साली तेथे विषमज्वराची साथ आली. पाणीपुरवठा खाजगी कंपनीकडे होता; पाणी ओढ्याचे, आणि ते गाळण्याची व्यवस्था नव्हती. सुमारे तेरा हजार वस्तीच्या त्या गावात तेराशेंच्या वर माणसे आजारी पडली. साथीने ऐंशीहून अधिक बळी घेतले, त्यांत २९ विद्यार्थी होते. पुष्कळ मुले गावातल्या घरांतून राहत, तेथेच जेवत आणि तेथलेच पाणी पीत. विद्यापीठासाठी गाळणयंत्रणा बसवण्याचा खर्च पुढे अँड्र्यू कार्नेगी यांनी दिला. पण गेलेली मुले काही परत आली नाहीत. तात्पर्य, नगरपालिका झोपलेली असेल तर प्राचार्य जागे असून भागत नाही.

दुसरी हकिकत प्रिन्स्टन विद्यापीठाची. २०१३ मध्ये तेथे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या जंतूची लागण झाली. हा जंतू अनेक निरोगी माणसांच्या घशात नुसता वस्तीला असतो, तरुणांत तर विशेष. आणि एका पेल्यातून पिण्याने, निकट सहवासाने तो पसरतो. त्या प्रकारावरची लस युरोपात होती, अमेरिकेत तिला परवाना नव्हता. सरकारने खास अनुमती दिली आणि डिसेंबरात हजारो विद्यार्थ्यांना ती टोचली. लसीने टोचलेल्यांना संरक्षण दिले. पण घशातला पाहुणा काही घर सोडून गेला नाही. मार्च २०१४ मध्ये फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातील एका विद्यार्थिनीचा याच रोगाने मृत्यू झाला. जंतू प्रिन्स्टनचाच निघाला. आजारी पडण्यापूर्वी ती तेथील विद्यार्थ्यांच्या सहवासात आली होती. ज्याने लस घेतली तो वाचला. त्याच्या शेजारी बसणारा वाचला असे नव्हे.

तिसरी हकिकत आपल्या सर्वांच्या आठवणीतल्या २०२० सालची. कोरोनाच्या ऐन काळात इलिनॉय विद्यापीठाने अर्बाना-शँपेन येथील वर्ग उघडले. विद्यापीठाने स्वतःच लाळेची चाचणी तयार केली. प्रत्येकाने आठवड्यातून दोनदा चाचणी द्यावी, ताजा निकाल निर्दोष असेल त्यालाच इमारतीत प्रवेश, असा नियम केला. नायजेल गोल्डनफेल्ड आणि सर्गेई मास्लोव्ह या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी गणित मांडले होते. मुले मेजवान्या करणार, हेही त्यांनी हिशेबात धरले होते. तरीही सप्टेंबरच्या आरंभी रुग्ण अपेक्षेहून पुष्कळ वाढले. कारण काय? आपल्याला लागण झाली आहे हे कळल्यावरही काही मुले मेजवानीला गेली! हे मात्र कुणी हिशेबात धरले नव्हते. दोन आठवडे निर्बंध कडक केले, बाधितांशी लवकर संपर्क साधू लागले, तेव्हा आकडा उतरला.

पाणी गाळता येते, लस टोचता येते, लाळ तपासता येते. पण माणसाने ‘मी आजारी आहे’ असे वेळेवर सांगणे, हे कोणत्याही यंत्रातून निघत नाही. इलिनॉयची ती मुले बेफिकीर होती. अशांना शिस्तीचा बडगा हवाच. परंतु आपल्याकडे आजार लपवणारा विद्यार्थी बहुधा बेफिकीर नसतो, तो भ्यालेला असतो. हजेरी बुडेल, परीक्षा हुकेल, घरमालक खोली सोडायला सांगेल, वडिलांनी काढलेल्या कर्जाचे एक वर्ष वाया जाईल. म्हणून तो तापाची गोळी घेतो आणि वर्गात जाऊन बसतो. त्याला दंडाची भीती घातली तर तो सांगणार नाही, अधिक लपवील.

तेव्हा वसतिगृहात शुद्ध पाणी, वेळेवर लसी, उघड्या खिडक्या, आजाऱ्यासाठी वेगळी खोली आणि तेथे पोहोचणारे जेवण, हे तर हवेच. त्याबरोबर आजारपणाची रजा हजेरीतून वजा होऊ नये आणि परीक्षा पुन्हा देता यावी. हे विद्यापीठाचे काम झाले.

आणि आपले? कॉटबेसिसवर मुले ठेवणारे येथे असतील, खानावळ चालवणारे असतील, ज्यांची मुले परगावी शिकतात असे आईबाप तर पुष्कळच असतील. ताप आलेल्या मुलाला सामान उचलायला सांगू नका. त्याचा डबा दाराशी ठेवा. आणि आपल्या मुलाला आजच पत्राने म्हणा, फोनवर म्हणा, की बाळा, परीक्षा पुढच्या वर्षी देता येईल; आजारी पडलास तर आधी सांग. हे एक वाक्य ज्या घरातून जाईल, त्या घराने आपल्या मुलाबरोबर त्याच्या शेजारच्या खाटेवरचे, कुणा दुसऱ्याचे मूलही राखले, असे मी समजेन.