आमदाराची कारकीर्द कशावर मोजायची?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात पांढुर्णा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने मला 'आमदाराची राजकीय कारकीर्द' हा विषय दिला आहे. मी कोणाच्या प्रचाराला उभा नाही, हे आधीच सांगतो. समोर दोन्ही पक्षांची माणसे बसली आहेत. एकाच घरातले दोघे दोन पक्षांचे, असेही बसले आहेत. त्यामुळे जे बोलेन ते सर्वांसाठी आहे.

आपण घरात 'आमदार' म्हणतो आणि तहसील कचेरीत गेलो की 'विधायकजी' म्हणतो. त्यांच्याकडे जातो कशासाठी? बदलीसाठी, ट्रान्सफॉर्मर जळाला म्हणून, दवाखान्याच्या चिठ्ठीसाठी, नाहीतर लग्नाची पत्रिका द्यायला. पाच वर्षांनी हिशेब करतो तो असा : आमच्या घरच्या तेरवीला आले होते का? आले असतील तर माणूस चांगला. ही मोजपट्टी चुकीची आहे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

थोडे मागे जाऊ. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती आणि विधानसभाही तेथेच भरत असे. इकडचा आमदार सकाळी निघून दुपारी सभागृहात बसू शकत होता. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. आपला भाग छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्यप्रदेशात राहिला. मुलताई राहिली, बुऱ्हाणपूर राहिले. तेव्हापासून आपला रोटी-बेटीचा व्यवहार काटोल, नरखेड, सावनेर, वरूडशी आणि कायद्याचा व्यवहार भोपाळशी, अशी स्थिती आहे. संत्र्याचा भाव नागपूरच्या कळमना बाजारात कळतो. पण गारपिटीने बाग झोडपली तर नुकसानभरपाई मिळते ती मध्यप्रदेशच्या राजस्व पुस्तक परिपत्रक ६-४ प्रमाणे. ते परिपत्रक नागपूरला बदलत नाही, भोपाळला बदलते. म्हणून भोपाळात आपला माणूस काय बोलतो, याला आपल्याकडे जास्त किंमत असली पाहिजे.

आता आपल्या दोन जागांकडे पाहू. मध्यप्रदेश विधानसभेत २३० जागा आहेत. विधान परिषद नाही, म्हणजे मागच्या दाराने कोणी जाणार नाही. त्या २३० मध्ये सौंसर आणि पांढुर्णा या आपल्या दोन.

सौंसरला २००८ आणि २०१३ मध्ये भारतीय जनता पक्षाचे नानाभाऊ मोहोड निवडून आले. २०१८ आणि २०२३ मध्ये काँग्रेसचे विजय चौरे निवडून आले आणि दोन्ही वेळा त्यांच्यासमोर नानाभाऊच होते. विजयभाऊ हे माजी मंत्री रेवनाथ चौरे यांचे चिरंजीव. एकाने मंत्रिपद पाहिले, दुसऱ्याच्या घराने पाहिले. म्हणजे सौंसरने बिनवजनाची माणसे पाठवली, असे कोणी म्हणू शकत नाही.

पण येथे मला आपल्यालाच एक प्रश्न विचारायचा आहे. २००८ ते २०१३ च्या विधानसभेत नानाभाऊ शालेय शिक्षण राज्यमंत्री होते. मराठी घरातला, मराठी भागातला माणूस शालेय शिक्षण खात्यात बसला होता. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे राज्यघटनेचा अनुच्छेद ३५०-क सांगतो. ही तरतूद १९५६ मध्येच, राज्यांची फेररचना झाली तेव्हा, आपल्यासारख्या मागे राहिलेल्या लोकांसाठी घातली गेली. त्या काळात आपल्यापैकी किती जण शिक्षकाच्या बदलीचा अर्ज घेऊन गेले आणि किती जण मराठी वर्गाचा अर्ज घेऊन गेले? ज्याचे त्याने आठवावे. मंत्र्याने काय केले, हा प्रश्न खराच. पण आपण मागितले काय, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे.

पांढुर्ण्याची गोष्ट वेगळी. २००८ च्या मतदारसंघ फेररचनेत ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव झाली. त्यानंतर २००८ ला भाजपचे रामराव कवरेती, २०१३ ला काँग्रेसचे जतन उईके आणि २०१८ व २०२३ ला काँग्रेसचे निलेश उईके निवडून आले. आपल्या जुन्या घरांत तेव्हापासून एक वाक्य ऐकू येते : 'आपली सीट गेली.' ओसरीवर बसून पुष्कळदा बोलले गेले आहे, म्हणून आज उघड बोलतो.

सीट गेली नाही. मत आपले होते ते आपलेच आहे. राखीव जागेवर उमेदवार एका वर्गाचा असतो, मतदार सगळे असतात आणि निवडून आलेला आमदार सगळ्यांचा असतो. आपण स्वतःला येथले जुने रहिवासी म्हणवतो. पण ज्या नागपूरचा आपण एवढा अभिमान बाळगतो, ते शहर वसवणारा बख्त बुलंद शाह हा देवगडचा गोंड राजा होता आणि देवगड आपल्या छिंदवाड्याचेच. जुनेपणाचाच हिशेब लावायचा, तर गोंड समाजापुढे आपण कालचे. तेव्हा पांढुर्ण्याच्या आमदाराकडे 'त्यांचा माणूस' म्हणून पाठ फिरवून आपण स्वतःचेच दार बंद करून घेतो. मराठी वर्गाची मागणी, संत्र्याची मागणी, पाण्याची मागणी त्यांच्याकडेही तितक्याच हक्काने गेली पाहिजे.

आता जिल्ह्याचा विषय. ऑगस्ट २०२३ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जामसावळीला पांढुर्णा जिल्ह्याची घोषणा केली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर मिळून जिल्हा झाला. त्याच वेळी मैहरही जिल्हा झाला आणि राज्यातले जिल्हे ५५ झाले. घोषणेनंतर तीन महिन्यांत मतदान झाले, तरी आपल्या दोन्ही जागांवर सत्ताधारी पक्ष हरला. सहा महिने जात नाहीत तोच २०२४ च्या लोकसभेत छिंदवाड्याची जागा भाजपच्या बंटी साहूंनी नकुलनाथ यांच्याकडून घेतली. आपला मतदार कोणाच्या खिशात नाही, हे चांगलेच आहे. पण मत देऊन झाले की आपण पाच वर्षे गप्प बसतो, ते चांगले नाही.

काही जण म्हणतात, आमदार विरोधी पक्षाचा असला तर तो करणार काय? सभागृहात विरोधी आमदाराच्या हातात पुष्कळ असते. तारांकित प्रश्न आहे, अतारांकित प्रश्न आहे, ध्यानाकर्षण आहे, शून्यकाळ आहे, अशासकीय संकल्प आहे. मतदारांची याचिका तो सभागृहापुढे ठेवू शकतो. लेखी प्रश्नाला खात्याला लेखी उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर छापले जाते. नव्या जिल्ह्यात किती पदे मंजूर झाली, किती भरली, किती शाळांत मराठीचा शिक्षक आहे, हे भाषणातून कळत नाही, अशा उत्तरातून कळते. कारकीर्द मोजायची तर येथे मोजा. पाच वर्षांत किती प्रश्न विचारले, त्यांतले किती आपल्या भागाचे होते आणि उत्तर आल्यावर पुढे काय केले? सत्ताधारी आमदाराची मोजपट्टी थोडी वेगळी. त्याने किती पुलांचे भूमिपूजन केले हे पाहू नका, किती पूल पुरे झाले ते पाहा.

शेवटी तीन कामे सांगतो. तिन्ही आपल्या हातातली आहेत, कोणाच्या शिफारशीची गरज नाही.

पहिले काम जनगणनेचे. २०२७ च्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. मातृभाषेच्या रकान्यात मराठी सांगा. प्रगणक हिंदीत विचारेल, आपण हिंदीत उत्तर देऊ आणि तो 'हिंदी' लिहून निघून जाईल, असे होऊ देऊ नका. सध्याच्या मतदारसंघांच्या सीमा २००१ च्या जनगणनेवर आखल्या आहेत. पुढची फेररचना कधी ना कधी होणारच, तेव्हा नव्या आकड्यांवर होईल. भाषेच्या सोयी मागायला गेलो तर तेव्हाही पहिला प्रश्न आकड्याचाच येईल.

दुसरे काम अर्जाचे. अनुच्छेद ३५० प्रमाणे कोणत्याही नागरिकाला आपली तक्रार संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. मराठीत अर्ज लिहा, खाली हिंदी प्रत जोडा म्हणजे काम अडणार नाही. त्याची एक प्रत सौंसरच्या आमदारांना आणि एक पांढुर्ण्याच्या आमदारांना द्या, पोच घ्या आणि ती पोच मंडळात जमा करा.

तिसरे काम मंडळाचे. वर्षातून एकदा दोन्ही आमदारांना याच व्यासपीठावर बोलवावे. हार घालायचा तर घालावा, पण एकच. त्यानंतर मागच्या वर्षाचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे वाचून दाखवायची विनंती करावी. जे पराभूत झाले त्यांनाही बोलवावे, कारण हरलेल्या माणसाची कारकीर्द संपत नाही आणि उद्या तोच निवडून येऊ शकतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव कसे उभे राहतात, ते आपल्याला सांगायला नको. तिसऱ्या दिवशी तीच माणसे एका दुकानात चहा पितात. निवडणुकीचेही तसेच व्हावे. मतदानाच्या दिवशी काठ दोन असू द्या. मराठी वर्गासाठी, बागेच्या भरपाईसाठी, कचेरीतल्या रिकाम्या खुर्चीसाठी मात्र आपला काठ एक असला पाहिजे.

तेरवीला आमदार आले तर त्यांना पाटावर बसवा, पाणी द्या, मान द्या. ती आपली रीत आहे, ती सोडू नका. फक्त निघताना हातात तो अर्ज द्या.